मागचं दार कुठं आहे, ते आम्हाला कळेल अशा भाषेत सांगा

प्रति,
माननीय जिल्हाधिकारी, माननीय पोलीस आयुक्त आणि माननीय महापालिका आयुक्त, बेळगाव;
तसेच शहरातल्या सर्व सार्वजनिक गणेशोत्सव आणि शिवजयंती मंडळांचे पदाधिकारी व कार्यकर्ते

सप्रेम नमस्कार.

रामलिंगखिंड गल्लीच्या जवळ माझं औषधाचं दुकान आहे. वडिलांनी घातलेलं, गेली तीस वर्षं मी चालवतोय. विसर्जनाच्या आणि शिवजयंतीच्या चित्ररथांच्या रात्री दुकान उघडं ठेवायचं, हा वडिलांपासूनचा रिवाज. गर्दीत कोणाला चक्कर येते, कोणाच्या पायात खिळा घुसतो, कोणाची शुगर उतरते. त्या रात्री गल्ल्याकडं बघायचं नाही, दारात उभं राहायचं, असं ते सांगायचे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका विसर्जनाच्या रात्री, साडेअकराच्या सुमाराला, समोरच्या खांबावर धाडकन आवाज झाला. निळा जाळ दिसला आणि अर्ध्या गल्लीतले दिवे गेले. ट्रान्सफॉर्मर उडाला होता, पण ते मागाहून कळलं. गर्दीतून कोणीतरी "बाँब!" म्हणून ओरडलं आणि सगळी गल्ली एका अंगाला कलली. त्या वेळी मी काय केलं ते लिहायला जड जातंय, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं काही लिहिण्याचा मला अधिकार नाही. मी शटर खाली ओढलं.

बाहेरून शटरवर हात आपटत होते. "मामा, उघडा की! ओ मामा!" आवाज ओळखीचा होता, पलीकडच्या बोळातल्या पोराचा. मी काउंटरमागं उभा, आणि हातपाय गार पडलेले. दोन-तीन मिनिटं गेली असतील. उघडलं तेव्हा पायरीवर एक बाई पडली होती. सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगडकडून मिरवणूक बघायला आलेली, एक चप्पल गेलेली, पदर पायाखाली आलेला, अंगावरून माणसं गेलेली. त्या पोराचा हात कोपरापासून मनगटापर्यंत फाटला होता. माझ्याच दुकानाची बाहेरची शोकेस गर्दीच्या रेट्यानं फुटली होती.

थोड्या अंतरावर एक पोलीस हातातल्या माईकवरून सारखं सांगत होता, "हिंदक सरीरी, हिंदक सरीरी!" मागं सरका म्हणत होता. बरोबर तेच सांगत होता आणि जीव तोडून सांगत होता. पण त्या बाईला कन्नडचा एक शब्द येत नव्हता. जरा सावरल्यावर ती मला म्हणाली, "पोलीस वरडतोय म्हटल्यावर मला वाटलं, पुढं पळा म्हणतोय." ती पुढं पळाली आणि पडली.

आणि माझ्या दुकानाला मागचं दार आहे. जुन्या बेळगावातल्या कितीतरी घरांना असतं. पुढं दुकान, मध्ये माजघर, मागं परस, परसातून बोळ. त्या दारातून पन्नास-साठ माणसं सहज मागच्या बोळात गेली असती. ते दार मला ठाऊक होतं, बाहेरच्यांना नव्हतं, आणि मीच शटर ओढून उभा होतो.

बाईच्या बरगड्यांना मार लागला, पोराला नऊ टाके पडले. दोघंही आज ठणठणीत आहेत. पण त्या रात्रीपासून एक प्रश्न डोक्यातून गेलेला नाही. खरोखरचा बाँब असता तर पहिल्या दहा मिनिटांत कोणी काय करायचं, हे त्या गल्लीत एकाला तरी माहीत होतं काय? मला नव्हतं. दुकानदाराला नाही, मंडळाच्या पोरांना नाही, बाईला नाही. त्या पोलिसाला माहीत होतं, पण त्याचं सांगणं पोचत नव्हतं.

हे पत्र आता लिहितोय, कारण 2025 साल विसरता येत नाही. 22 एप्रिलला पहलगामच्या बैसरनमध्ये 26 माणसं मारली गेली. त्यात महाराष्ट्रातले सहा जण होते, कर्नाटकातलेही होते. आपल्याकडं कुठल्याही गल्लीत उन्हाळ्याच्या सुट्टीत काश्मीरला जाऊन आलेलं एखादं कुटुंब सापडतं, त्यामुळं ती बातमी लांबची वाटलीच नाही. 10 नोव्हेंबरला दिल्लीत लाल किल्ल्याजवळ भर रहदारीत कारचा स्फोट झाला. त्याआधी 1 मार्च 2024 ला आपल्याच राज्याच्या राजधानीत, बेंगळुरूच्या रामेश्वरम कॅफेत, कोणीतरी पिशवी ठेवून निघून गेला आणि दुपारच्या जेवणाच्या वेळेला स्फोट झाला. सुदैवानं तिथं कोणी दगावलं नाही. या जागांकडं बघा. कुरण, रस्ता, खानावळ. लष्करी ठाणं यात एकही नाही.

7 मे 2025 ला देशभरातल्या 244 नागरी संरक्षण जिल्ह्यांसाठी सराव जाहीर झाला. भोंगे, दिवे घालवणं, लोकांना सुरक्षित जागी हलवणं. कर्नाटकातून त्या यादीत बेंगळुरू, रायचूर आणि कारवार होतं. बेळगाव नव्हतं. यादी कशी ठरते ते मी समजू शकतो. एका बाजूला कैगाचं अणुवीजकेंद्र आहे, दुसऱ्या बाजूला शक्तिनगरचं वीजकेंद्र. पण साहेब, आमच्याकडं मराठा सेंटर, म्हणजे लष्कराच्या मराठा रेजिमेंटचं केंद्र आहे, सांबऱ्याला हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आणि विमानतळ आहे, हलग्याला राज्य विधिमंडळाची इमारत, सुवर्ण विधानसौध आहे आणि पुणे-बेंगळुरू महामार्ग शहराच्या कुशीतून जातो. दर हिवाळ्यात अधिवेशन भरलं की राज्यभरातून पोलीस बंदोबस्ताला येतात, चौकाचौकात दिसतात. अधिवेशन संपलं की ते जातात आणि गल्ली गल्लीपाशी उरते. आमच्या वडिलांच्या पिढीनं 1971 च्या युद्धात खिडक्यांना काळे कागद लावले होते. माझ्या मुलाच्या पिढीनं भोंगा फक्त कारखान्याचा ऐकलाय. वर-खाली होणारा भोंगा म्हणजे धोका आणि एका सुरात वाजणारा म्हणजे धोका टळला, हे किती जणांना सांगता येईल?

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर विष्णू झेंडे नावाचे रेल्वेचे उद्घोषक आपल्या केबिनमध्ये होते. खाली गोळीबार चालू असताना ते माईकवरून प्रवाशांना सांगत राहिले की मागच्या बाजूनं बाहेर पडा, पुढं येऊ नका. त्यांच्या केबिनच्या दिशेनंही गोळ्या आल्या. त्यांच्या हातात शस्त्र नव्हतं. होता तो माईक, आणि कुठलं दार कुठं उघडतं याची पक्की माहिती. त्याच रात्री कामा रुग्णालयात अंजली कुलथे या परिचारिकेनं 20 गरोदर बायकांना वॉर्डाच्या टोकाच्या लहानशा खोलीत नेलं आणि दारं लावून घेतली. एकानं वाट दाखवली, एकीनं दार लावलं, आणि दोघांचंही बरोबर होतं. यावर मी पुष्कळ विचार केलाय. माझी चूक शटर ओढण्यात नव्हती. आधी माणसं आत घ्यायची होती, मागचं दार उघडायचं होतं, मग शटर ओढायचं होतं. एवढं कोणी आधी सांगून ठेवलं असतं, तर भीतीनं गारठलेल्या हातांनीही मी ते केलं असतं.

म्हणून प्रशासनाकडं पहिलं मागणं भाषेचं आहे. ते मांडताना एक गोष्ट स्पष्ट करतो. सीमाप्रश्न 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचं काय व्हायचं ते तिथं होईल. माझं पत्र त्याबद्दल नाही. या शहरात कन्नड, मराठी, उर्दू, कोकणी बोलणारी माणसं एकाच गर्दीत खांद्याला खांदा लावून उभी असतात. बाजाराला आणि दवाखान्याला चंदगडहून माणसं येतात, त्यांचा कन्नडशी संबंध येण्याचं कारण नाही. वडगाव-शहापुरातल्या आमच्या कितीतरी आज्या सगळं आयुष्य इथं काढून बाजारापुरतंच कन्नड बोलतात, वाचायला येत नाही. तसंच सौंदत्ती, रामदुर्गहून आलेल्या माणसाला मराठीत "मागं सरा" म्हटलेलं कळणार नाही, त्याच्यासाठी कन्नडच हवं. धोक्याची सूचना ऐकणाऱ्याच्या भाषेत असायला हवी. ती कोणत्या भाषेचा मान म्हणून द्यायची नसते. भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती 15 टक्क्यांच्या वर आहे तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे तत्त्व केंद्रानं फार पूर्वी मान्य केलेलं आहे. इतर कागदांचं राहू दे, निदान जीव वाचवणाऱ्या सूचनांना तरी ते लावा.

यात खर्च नाही. वीस-वीस सेकंदांच्या चार सूचना कन्नड, मराठी आणि हिंदीत ध्वनिमुद्रित करून ठेवता येतील. मागं सरा, अमुक बाजूनं बाहेर पडा, खाली वाका, धोका टळला. पोलीस व्हॅनमध्ये, मध्यवर्ती बसस्थानकात, कपिलेश्वर तलावावरच्या मंडपात त्या तयार असू देत. 2023 साली सगळ्यांचे मोबाईल एकदम कर्कश वाजले आणि इशाऱ्याचा चाचणी संदेश आला, ते आठवत असेल. माझ्या दुकानात तेव्हा रांगेत उभी असलेली एक आजी घाबरून फोन माझ्यापुढं धरून म्हणाली, "ह्यात काय लिवलंय बघ की बाबा, कोण गेलं?" सगळ्या फोनांवर एका वेळी पोचणारं तंत्र आपल्याकडं आहे. त्यात मराठी मजकूर घालायला यंत्र नवीन लागत नाही, ठरवावं लागतं.

आता डीजेबद्दल. मिरवणुकीत भिंतीएवढ्या स्पीकरसमोर पोलिसाचा हातमाईक कोणालाही ऐकू येत नाही, मग तो कुठल्याही भाषेत बोलो. मंडळांना परवाना देताना एक अट घाला. पोलिसांनी ठरलेली खूण केली, समजा उंच काठीवरचा लाल दिवा दाखवला, की मार्गावरच्या सगळ्या मंडळांनी आवाज बंद करायचा आणि तोच माईक सूचनेसाठी पोलिसांच्या हातात द्यायचा. मंडळांच्या बंधूंनो, तुमच्या स्पीकरचा याहून मोठा उपयोग मला सुचत नाही. मिरवणूक निघायच्या आदल्या दिवशी एकदा करून बघा, सगळे आवाज बंद व्हायला किती वेळ लागतो ते मोजा.

मागच्या दारांचंही तसंच. मिरवणुकीच्या मार्गावर, खडेबाजारात, गणपत गल्लीत, नरगुंदकर भावे चौकाच्या आसपास कुठल्या दुकानातून मागच्या बोळात निघता येतं, याची यादी एखादा बीट पोलीस आणि मंडळाचे दोन कार्यकर्ते मिळून एका रविवारी करू शकतात. ज्या दुकानदारांची तयारी असेल त्यांच्या दारावर एक ठरावीक हिरवी खूण लावावी. माझ्या दारावर पहिली लावा. बोळात उभ्या केलेल्या दुचाक्या, मंडपाचे वासे, भाजीचे गाडे त्या रात्रीपुरते हलवायला हवेत, नाहीतर मागचं दार उघडून माणसं भिंतीवर जाऊन आदळतील. आणि मंडप घालताना अग्निशमन बंब जाईल एवढी वाट सोडा. टिळकवाडीत रेल्वे गेट पडलं की रुग्णवाहिका सायरन वाजवत उभी राहते, ते आपण सगळे बघतो. तसलं गेट आपण आपल्या हातानं गल्लीत उभारू नये.

आता रक्ताबद्दल, कारण तो माझा विषय आहे. त्या रात्री त्या पोराच्या हातातून रक्त वाहत होतं आणि त्याच्याभोवती सहा जण होते. एक म्हणाला हळद भरा. एकानं समोरच्या हॉटेलातून कॉफीची पूड आणली. तिसरा पाणी पाजायला बघत होता. जीव लावूनच करत होते सगळे. मोठी रक्तवाहिनी तुटली तर माणूस चार-पाच मिनिटांत जाऊ शकतो, आणि आपल्या गल्लीत रुग्णवाहिका चार-पाच मिनिटांत पोचत नाही. म्हणजे ती मिनिटं शेजारच्या माणसाची आहेत. जखमेत काही पूड भरू नका. स्वच्छ कापड घ्या, धोतराचं, ओढणीचं, जे असेल ते, आणि दोन्ही तळहातांनी दाबून धरा, सगळा भार टाकून. भिजलं तर काढू नका, वर दुसरं ठेवा आणि दाबतच राहा. कापूस चिकटतो, तो नको. काच किंवा लोखंड रुतलेलं असेल तर उपटू नका, त्याच्या कडेनं दाबा. हातापायातून रक्त उसळून येत असेल आणि दाबूनही थांबत नसेल, तर जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांध्यावर नाही, रुंद पट्टी बांधा, गाठीत लाकडाचा तुकडा अडकवून पिळा, रक्त थांबेपर्यंत. बांधल्याची वेळ जखमीच्या कपाळावर किंवा हातावर पेनानं लिहा आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सोडू नका. दोरी किंवा तार वापरू नका, ती मांसात रुतते. गंभीर जखमीला पाणी पाजू नका, त्याला शस्त्रक्रिया लागू शकते.

हे शिकवायला बाहेरून कोणी यायला नको. येळ्ळूर, कंग्राळी, सांबरा, बेळगुंदी, कुठल्याही गावात जा, पारावर एक तरी निवृत्त सुभेदार किंवा हवालदार बसलेला सापडतो. रणांगणावरची मलमपट्टी प्रत्येक जवानाला शिकवलेली असते. या माणसांना 15 ऑगस्टला झेंड्याजवळ बसवून शाल देतो, आणि मग वर्षभर त्यांची आठवण नसते. प्रशासनानं त्यांना मानानं बोलवावं, मंडळांनी दर गल्लीतली पाच पोरं आणि पाच पोरी द्याव्यात. पोरींचं मुद्दाम लिहितोय. गर्दीत पडलेल्या बाईला उचलायला पुरुष कचरतात, ती वेळ वाया जाते. मंडळाच्या वर्गणीतून एक स्ट्रेचर, दहा गॉजच्या गठ्ठ्या आणि चार चांगल्या बॅटऱ्या याव्यात, एका दिवसाच्या फुलांच्या खर्चात बसेल.

पोलिसांच्या भीतीनं जखमीला हात न लावणारेही आहेत, "नंतर कोर्टाचे हेलपाटे नकोत" म्हणतात. त्यांच्यासाठी: मदत करणाऱ्याला संरक्षण देणारा 2016 चा कायदा कर्नाटकाचा स्वतःचा आहे, देशात पहिल्यांदा आपल्या राज्यानं केला आणि 2018 मध्ये त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्याला तिथं अडकवून ठेवता येत नाही. हे दोन भाषांत लिहून प्रत्येक दवाखान्याच्या दारात लावा, एवढी विनंती आहे.

सीमेवरची म्हणून एक अडचण आहे, ती बेंगळुरूत बसून लक्षात येणार नाही. 112 या आपत्कालीन नंबरचा फोन टॉवरप्रमाणे जातो. सीमेलगतच्या बाचीच्या माणसाचा मोबाईल कधी इकडचा टॉवर पकडतो, कधी पलीकडच्या महाराष्ट्रातल्या शिनोळीकडचा. कोगनोळी, कारदगा, बोरगावलाही तेच. फोन महाराष्ट्राच्या नियंत्रण कक्षात लागला की समोरचा विचारतो जिल्हा कोणता, आणि घाबरलेला माणूस गल्लीचं नाव सांगत बसतो. दोन्ही राज्यांच्या कक्षांनी सीमेवरच्या गावांची नावं एकमेकांना देऊन ठेवावीत आणि फोन लगेच पुढं जोडून द्यावा. तोवर आपण एक सवय लावून घेऊ. 112 लागला की पहिलं वाक्य, "राज्य कर्नाटक, जिल्हा बेळगाव, तालुका अमुक." मग गाव, मग खूण, मग काय झालं ते.

आता माझ्या गिऱ्हाइकांना आणि शेजाऱ्यांना. सगळं सरकारवर ढकलून चालणार नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये यमगर्णीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि कोल्हापूरची वाट काही दिवस बंद झाली. माझ्याकडं कोल्हापूरहून येणारा माल थांबला. तेव्हा रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या म्हणून कासावीस होऊन आलेली माणसं मला आठवतात; त्यातल्या पुष्कळांच्या घरी दोन दिवसांच्या वर गोळी नव्हती. पूर असो, संचारबंदी असो की हल्ल्यानंतरचा बंद असो, घरात आठवड्याची औषधं हवीत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी वीज गेली तर काय करायचं ते आधी ठरवावं. पाणी घातलेल्या मातीच्या मडक्यात दुसरं लहान मडकं ठेवून त्यात शिशी ठेवली तर ती बरीच गार राहते. एक पिशवी दाराजवळच्या खुंटीला असू दे. बॅटरी, आधारच्या प्रती प्लॅस्टिकमध्ये, सुटे पैसे, चष्म्याची जुनी जोडी, औषधांची चिठ्ठी. फोन नंबर कागदावर लिहा. आज कोणाला बायकोचाही नंबर पाठ नसतो.

मोठी घटना झाली की गावातले फोन लागत नाहीत. सगळे एका वेळी लावतात. एसएमएस पुष्कळदा जातो. आणि बाहेरगावी लावलेला फोन कधी कधी आधी लागतो. आपल्या प्रत्येकाची आत्या, मावशी, लेक कोल्हापूर, पुण्याला आहेच. तिला घरची मध्यस्थ करा. घरातले सगळे तिला कळवतील, "मी शहापुरात आहे, सुखरूप आहे." भेटायची जागाही ठरवा. आमच्या घरी मी ठरवलीय, नातवालाही पाठ आहे.

आणि खिशात एक चिठ्ठी. नाव, रक्तगट, आजार, घरचा नंबर. मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीकडं लिहा, कारण आपल्याला उचलणारा परिचर कुठल्या भाषेचा असेल ते सांगता येत नाही. कन्नडची पाच-सहा वाक्यंही शिका. मी शिकलो. "हिंदक सरीरी" आता माझ्या दुकानात कामाला असलेल्या पोरांनाही येतं. ते पोलीसदादा आपल्या रक्षणासाठी ओरडत असतात, त्यांचं ओरडणं कळलं पाहिजे.

बेवारस पिशवीला हात लावू नका, उघडून बघू नका, तिच्याजवळ उभं राहून फोनही करू नका. लांब जा, मग कळवा. स्फोट झाला तर बघायला धावू नका. दुसरा बाँब बघ्यांसाठी ठेवलेला असू शकतो, आणि धावत आलेल्या गर्दीनं रुग्णवाहिकेची वाट बंद होते. मोबाईलवर चित्रण करत उभं राहणाऱ्या पोरांना दटावून बाजूला काढायचं काम वयस्कर माणसांनी करावं, आपलं ऐकतात ती.

अफवेबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण ती आपल्या जिल्ह्यातच घडली. ऑपरेशन सिंदूरच्या वेळी देशाला माहिती द्यायला कर्नल सोफिया कुरेशी उभ्या राहिल्या. त्यांचं सासर गोकाक तालुक्यातलं कोन्नूर. बेळगाव जिल्ह्याची सून म्हणून ऊर भरून आला होता सगळ्यांचा. आणि आठ दिवसांच्या आत, त्यांच्या सासरच्या घरावर हल्ला झाला अशी खोटी पोस्ट फिरायला लागली. जिल्हा पोलिसांनी तातडीनं ती खोटी असल्याचं जाहीर केलं, बंदोबस्त ठेवला. माझ्या दुकानात दोघा जणांनी तोवर ती पुढं पाठवली होती. दोघंही चांगली माणसं. एकाला मी विचारलं, पाठवण्याआधी कोणाला विचारलंस काय? म्हणाला, "सगळे पाठवताहेत की मामा." हल्ला करणाऱ्यांना आपल्यात जी आग लावायची असते, ती अशी आपल्याच बोटांनी लागते. माझ्या गल्लीत बांगड्यांचं दुकान असलेलं मुसलमान कुटुंब आहे. त्या विसर्जनाच्या रात्री चंदगडच्या त्या बाईला पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत नेलं ते त्यांच्या थोरल्या मुलानं. कुठं काही घडलं की त्या घरी पहिला फोन मी करतो, "काही लागलं तर दार वाजवा" म्हणून. मंडळांनीही करावा.

सीसीटीव्ही, ड्रोन, श्वानपथक यांबद्दल मी लिहिलं नाही. ते तुमचं काम आहे, तुम्ही ते करताच आहात.

माझ्या बाजूनं सांगतो. शोकेसची काच काढून मी तिथं लोखंडी जाळी बसवलीय. मागच्या दाराचं कुलूप काढलं, आतून कडी ठेवलीय. परसातली अडगळ हलवली. काउंटरखाली गॉज, रुंद पट्ट्या आणि दोन लाकडी काठ्या कायम असतात, त्या विकायच्या नाहीत. सांबऱ्याचे एक निवृत्त सुभेदार दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला माझ्या परसात येऊन पट्टी बांधायला शिकवायला तयार झालेत. जागा वीस जणांची आहे. तो हात फाटलेला पोरगा आता मंडळाचा सेक्रेटरी आहे, नावं त्याच्याकडं द्यावीत. पोलीस खात्यातून कन्नड आणि मराठी दोन्ही येणारे एक कर्मचारी त्या तासापुरते आले, तर पुढच्या विसर्जनाच्या आत आमच्या गल्लीचं तरी होऊन जाईल.

आपला,
रामलिंगखिंड गल्लीजवळचा एक औषध दुकानदार, बेळगाव